एसटीएम३२ ब्लू पिल: पीए८ वर पीडब्ल्यूएम येत नाही, तोच कोड पीए० वर चालतो

कांडीवाला (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे यंत्रमागाच्या कांड्या भरायचं जुनं मशीन आहे. त्याला २४ व्होल्टची डीसी मोटर बसवून वेग पीडब्ल्यूएमने, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करून, कमी-जास्त करायचाय. बोर्ड ब्लू पिल (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), चिप एसटीएम३२एफ१०३सी८टी६. बाहेरचं ८ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल, पीएलएल ९ पट, म्हणजे ७२ मेगाहर्ट्झ. एचएएल (एसटीची तयार लायब्ररी) वापरत नाही, रजिस्टरं, म्हणजे चिपमधल्या सेटिंगच्या जागा, थेट लिहितो. प्रोग्रॅम एसटी-लिंकने टाकतो.

आधी टीआयएम२ या टायमरच्या पहिल्या चॅनेलवर, म्हणजे पीए० या पिनेवर काम केलं. पीएससी (क्लॉकचा भागाकार) ०, एआरआर (काउंटरची कमाल) ३५९९, सीसीआर१ (किती ठोके चालू) मध्ये १८००. २० किलोहर्ट्झ, निम्मी ड्यूटी, म्हणजे निम्मा वेळ चालू. मीटर डीसीवर लावला तर १.६४ व्होल्ट. एक मॉस्फेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) लावून मोटरही फिरवून बघितली, काही तक्रार नाही.

पण सूत तुटलं की मोटर चटकन थांबायला पाहिजे, नुसती सोडून दिली तर फिरत राहते आणि सुताचा गुंता होतो. म्हणून हाफ ब्रिज, म्हणजे वर एक आणि खाली एक अशी दोन मॉस्फेटची जोडी, करायला घेतला. त्याला एकमेकांच्या उलट चालणारी दोन आउटपुटं आणि मध्ये डेड टाइम (दोन्ही बंद असण्याचा क्षण) लागतो. ही सोय या चिपमध्ये टीआयएम१ लाच आहे. शिवाय पीए० मला एडीसीसाठी (व्होल्टेज मोजण्यासाठी) मोकळा हवा, कारण सुताच्या ताणासाठी डान्सरवर (ताणाबरोबर हलणाऱ्या दांड्यावर) पॉट बसवलाय.

म्हणून तोच कोड टीआयएम१ ला आणला. एपीबी२ वरून टीआयएम१ चा आणि पोर्ट ए चा क्लॉक चालू केला. पीए८ ला अल्टरनेट फंक्शन पुश-पुल, ५० मेगाहर्ट्झ. सीआरएच या पिनेचा प्रकार ठरवणाऱ्या रजिस्टरचा शेवटचा हेक्स अंक बी आहे, डिबगरमध्ये वाचून खात्री केली. सीसीएमआर१ मध्ये हेक्स ६८, म्हणजे पीडब्ल्यूएम मोड १ आणि प्रीलोड. सीसीईआरमध्ये पहिलं चॅनेल चालू करणारा सीसी१ई बिट १. शेवटी सीआर१ मध्ये काउंटर चालू.

काउंटर पळतोय. डिबगरमध्ये सीएनटी प्रत्येक वेळी वेगळा दिसतो. सीसीआर१ मध्ये १८०० आहे. पण पीए८ वर काहीच नाही. मीटर ०.०३-०.०४ च्या आसपास राहतो, प्रोब धरताना पिनला बोट लागलं की आकडा हलतो. दुसरा बोर्डही लावून बघितला, तिथंही तसंच.

काय राहिलंय? बघा की जरा.

ब्रेडबोर्ड_नाशिक

पहिल्यांदा पीए८ साधा आउटपुट करून बघा. सीआरएचचा शेवटचा अंक बी च्या जागी ३ करा आणि ओडीआर या आउटपुट रजिस्टरचा आठवा बिट हाताने ० आणि १ करा. मीटर ० आणि ३.३ दाखवत असेल तर पिन, हेडरचा सोल्डर, ब्रेडबोर्ड, वायर हे सगळं एका झटक्यात निर्दोष सुटतं. हेडर आपण घरी लावतो, आणि वरून चकचकीत दिसणारा जोड आतून सुटलेला असू शकतो.

दुसरं, चिप खरी आहे का? एसटी-लिंक जोडताना आयडीकोड १बीए०१४७७ येतो की २बीए०१४७७? दुसरा आला तर ती मूळ एसटीची चिप नाही. स्वस्तातल्या ब्लू पिलवर अशा नक्कल चिपा बऱ्याच येतात.

भोसरीचा_बेंच

कांडीवाले, तुमच्या प्रश्नातलं सर्वांत मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: पिनला बोट लागलं की आकडा हलतो.

ते वाक्य धरूनच पुढे जाऊ. सीमॉस आउटपुट पिनला ० वर खेचून धरत असेल तर बोट लावा, ओलं बोट लावा, मीटर जागचा हलणार नाही. आतला ट्रान्झिस्टर काही दहा ओमांचा असतो, तुमचं शरीर त्याच्यापुढे काहीच नाही. आकडा हलतोय याचा अर्थ त्या पिनला कुणीच धरलेलं नाही. ती वर नाही, खालीही नाही, तरंगतेय. मीटरचा १० मेगाओमचा रोध तिला शून्याजवळ आणून ठेवतो, म्हणून तुम्हाला ०.०३ दिसतं आणि आपण त्याला ‘शून्य आउटपुट’ समजतो.

हा फरक मी माझ्या बेंचवर येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी दाखवतो. मी भोसरीत ड्राइव्ह दुरुस्त करतो, एसी आणि डीसी दोन्ही. गेट (मॉस्फेटचं चालू-बंद करणारं टोक) पल्स नाही म्हणून आलेल्या कार्डावर ‘सिग्नल का येत नाही’ असं विचारत बसलं तर दिवस जातो. ‘ही लाइन या क्षणी कोण धरून आहे’ असं विचारलं की दोन मापांत दिशा कळते. ज्यांच्याकडे स्कोप नाही त्यांच्यासाठी एक साधी युक्ती: १० किलोओमचा रेझिस्टर घ्या, एक टोक पिनला, दुसरं आधी ३.३ ला आणि मग ग्राउंडला. मीटर त्याच्यामागे वर-खाली गेला तर पिन मोकळी. जागचा हलला नाही तर कुणीतरी तिला धरलंय.

आता तुमच्या बाबतीत कोण धरायला हवं होतं? टायमर. टीआयएम१ चे रजिस्टर वाचले जातात, काउंटर पळतो, म्हणजे क्लॉक आहे. क्लॉक नसता तर लिहिलेलं टिकलंच नसतं. सीसीएमआर१ चं ६८ बरोबर. सीसी१ई चालू. सीआरएचमध्ये बी. एवढं सगळं बरोबर असूनही टायमर पिन हातात घेत नाही, कारण टीआयएम१ ला टीआयएम२ पेक्षा एक कुलूप जास्त आहे. त्या रजिस्टरचं नाव बीडीटीआर, बिट क्रमांक १५, एमओई, म्हणजे मेन आउटपुट इनेबल. रीसेटनंतर तो ० असतो. तो ० असेपर्यंत टीआयएम१ ची सगळी चॅनेलं, साधी आणि उलटी, पिनेपासून तुटलेली राहतात. सीसी१ई १ करून उपयोग नाही.

टीआयएम२, ३, ४ ला हा बिट नाही. म्हणून तोच कोड पीए० वर चालला.

बीडीटीआरमध्ये बिट १५ चालू करा आणि बघा. मीटरवर १.६५ च्या आसपास यायला हवं. पिनेवरच्या हालचालीची खात्री डिबगरमधूनही करता येते: एफ१०३ मध्ये पिन अल्टरनेट फंक्शनला असली तरी इनपुट बाजू जागी असते, त्यामुळे पोर्ट ए च्या आयडीआर या इनपुट रजिस्टरचा आठवा बिट वाचत राहा. कधी ०, कधी १ दिसला की पिन खरोखर हलतेय. सतत एकच दिसला तर नाही.

एचएएल वापरणाऱ्यांना हे कुलूप माहीतच नसतं, कारण त्यातलं पीडब्ल्यूएम स्टार्ट फंक्शन टायमर पाहून हा बिट गुपचूप लावून टाकतं. त्यांनी मात्र हे लक्षात ठेवावं की उलट्या आउटपुटाचं, एनवाल्याचं, स्टार्ट फंक्शन वेगळं आहे. पहिलं बोलावून पीबी१३ ची, म्हणजे उलट्या आउटपुटाच्या पिनेची, वाट बघण्यात अर्थ नाही.

हे कुलूप उगाच नाही. टीआयएम१ मोटर आणि इन्व्हर्टरसाठी बनवलेला टायमर आहे. त्याच्या पलीकडे मॉस्फेट असतात, त्यांच्या पलीकडे करंट. प्रोग्रॅम रजिस्टरं भरत असताना अर्धवट भरलेल्या अवस्थेत गेट उघडू नयेत म्हणून शेवटी एकच दरवाजा ठेवलाय. आधी सगळं भरा, डेड टाइम भरा, मग एमओई. हा क्रम पाळाच. आणि आत्ताच, मॉस्फेट जोडण्याआधी, पीए८ आणि पीबी१३ दोन्हींवरून ग्राउंडला १० किलोओम लावून घ्या. रीसेटमध्ये, प्रोग्रॅम टाकताना, डिबगर अडकला असताना या पिना तरंगत्या असतात हे तुम्ही मीटरवर बघितलंच आहे. तरंगती पिन गेट ड्रायव्हरला द्यायची नाही.

नक्कल चिपेबद्दल: इथे तिच्यावर संशय नको. रजिस्टरं सांगतात तसंच वागतायत.

ठाणे_एम्बेडेड

‘पीडब्ल्यूएम येत नाही’ असं शोधत इथे येणाऱ्यांसाठी याच चिपवरचं दुसरं कारण लिहून ठेवतो, कारण लक्षणं हुबेहूब अशीच असतात.

टीआयएम२ चं दुसरं चॅनेल रिमॅप करून (दुसऱ्या पिनेवर हलवून) पीबी३ वर घेतलं, किंवा टीआयएम३ चं पहिलं पीबी४ वर, तर काहीच येत नाही. रीसेटनंतर पीए१५, पीबी३ आणि पीबी४ या पिना जेटॅगच्या (डिबगर जोडायच्या एका पद्धतीच्या) ताब्यात असतात. एएफआयओच्या (पिनांचं वाटप करणाऱ्या भागाच्या) एमएपीआर रजिस्टरमध्ये एसडब्ल्यूजे_सीएफजी हे तीन बिट ०१० करावे लागतात. जेटॅग बंद होतो, एसटी-लिंकच्या दोन वायरी चालू राहतात. १०० करू नका, तेव्हा दोन्ही बंद होतात आणि मग रीसेट धरून ठेवून जोडावं लागतं. एएफआयओचा क्लॉक आधी चालू हवा, नाहीतर लिहिलेलं वाया.

यात एक खाच आहे. हे तीन बिट फक्त लिहिता येतात, वाचले तर काय मिळेल याची हमी नाही. त्यामुळे नेहमीच्या सवयीने ‘वाचा, एक बिट लावा, परत लिहा’ असं एमएपीआरवर केलं की नंतरचा एखादा रिमॅप जेटॅगची सेटिंग बिघडवून टाकतो. मी या रजिस्टरची पूर्ण किंमत एकाच ठिकाणी, एकदाच लिहितो.

कांडीवाला (इचलकरंजी)

आधी ब्रेडबोर्डवाल्यांचं केलं. साध्या आउटपुटला ० आणि ३.२८, म्हणजे पिन ठणठणीत. १० किलोओमची युक्तीही केली: वरच्या बाजूला लावला की ३.२, खाली लावला की शून्य. पिन मोकळीच होती.

एमओई लावला आणि १.६४ व्होल्ट आले. पीबी१३ वरही तेवढेच. दादा, मनापासून आभार. दोन्हींवर १० किलोओम लगेच लावले.

मग पुढे गेलो. मॉस्फेटची गेटं चालवणारी चिप, गेट ड्रायव्हर, आयआर२१०१, त्याला १२ व्होल्ट वेगळे. मोटरच्या परतीच्या वायरमध्ये ०.०५ ओमचा शंट (करंट मोजायचा रेझिस्टर), त्यावर एलएम३९३ कंपॅरेटर (व्होल्टेजची तुलना करणारी चिप), ८ अँपिअरला, म्हणजे ०.४ व्होल्टला लागेल असा. कंपॅरेटरचं आउटपुट पीबी१२ ला, टीआयएम१ च्या ब्रेक इनपुटला, म्हणजे धोका दिसला की आउटपुट बंद करणाऱ्या पिनेला. सगळं वीतभर वायरींनी जोडलंय. बीडीटीआरची किंमत हेक्स ९०४८.

२४ व्होल्ट न देता सगळं ठीक. २४ व्होल्ट दिले की मोटर एक झटका देते आणि बंद. पीए८, पीबी१३ दोन्ही मेलेले. रीसेट केलं की पुन्हा एक झटका, पुन्हा बंद. बंद पडल्यावर बीडीटीआर वाचला तर १०४८. मी कुठेही एमओई ० करत नाही, कोड सगळा शोधला.

ब्रेक इनपुट चालू ठेवणारा बीकेई बिट काढून टाकला तर चालेल का? एका मित्राने तेच सांगितलं.

भोसरीचा_बेंच

बीकेई काढू नका. ती सगळ्यांत शेवटची गोष्ट.

आधी तुमची किंमत वाचू. ९०४८: वरचे ८००० म्हणजे एमओई, १००० म्हणजे बीकेई, ४८ म्हणजे दशमानात ७२, डेड टाइम. ७२ मेगाहर्ट्झचे ७२ ठोके, बरोबर १ मायक्रोसेकंद. तुमच्या मॉस्फेटना पुरेल. बीकेपी ०, म्हणजे ब्रेक इनपुट खाली गेलं की लागू. बंद पडल्यावर १०४८. फक्त एमओई पडला, बाकी अक्षर हललं नाही. तुमच्या कोडने केलं नाही हे मला मान्य, हार्डवेअरने केलं. पीबी१२ क्षणभर जरी खाली गेली तरी चिप स्वतः एमओई काढते, आणि एमओई आपोआप परत लावणारा एओई बिट ० असल्यामुळे सॉफ्टवेअरने परत लावेपर्यंत तो तसाच राहतो. टीआयएम१ च्या एसआरमध्ये सातवा बिट, बीआयएफ, आता १ दिसेल. बघून घ्या, तो पुरावा आहे.

म्हणजे संरक्षणाने काम केलं. खरं कारण होतं की खोटं, एवढंच शोधायचं राहिलं. आणि तुमच्या जोडणीत मला दोन्ही शक्य दिसतात.

खोटं कारण: एलएम३९३ चं आउटपुट ओपन कलेक्टर आहे. ते लाइन खाली खेचू शकतं, वर ढकलू शकत नाही. तुम्ही पुलअप (लाइन वर धरणारा रेझिस्टर) लिहिलेला नाही. नसेल तर पीबी१२ तुमच्या पहिल्या पीए८ सारखीच तरंगतेय, आणि आता तिच्याशेजारून २० किलोहर्ट्झने २४ व्होल्टच्या उड्या मारणाऱ्या वायरी जातायत. वीतभर वायर म्हणजे त्या उड्या पकडणारा अँटेना. पुढच्या पिढीच्या काही एसटीएम३२ मध्ये ब्रेक इनपुटला आत डिजिटल फिल्टर मिळतो, एफ१०३ मध्ये तो नाही. एक बारीक काटा, म्हणजे क्षणिक उसळी, पुरतो.

उपाय: बोर्डाजवळ, पीबी१२ वरून ३.३ व्होल्टला ४.७ किलोओम. पिनेपासून ग्राउंडला १ नॅनोफॅराड, पाय आखूड ठेवून. चिपच्या आतला पुलअप ४० किलोओमच्या घरातला असतो, या कामाला दुबळा आहे. कंपॅरेटरची वायर ग्राउंडच्या वायरीशी पिळून आणा, मोटरच्या वायरींपासून लांब. कंपॅरेटर ५ व्होल्टवर असला तरी पुलअप ३.३ लाच.

शंटकडेही बघा. शंट ते कंपॅरेटरचा पाय यात १ किलोओम आणि पायाजवळ ग्राउंडला १ नॅनोफॅराड हवा. एक तर मॉस्फेट बदलतानाचे काटे गिळले जातात. दुसरं महत्त्वाचं: तुम्ही ब्रेक लावणार आहात. तेव्हा मोटर जनरेटर होते आणि शंटमधून करंट उलटा वाहतो. ६ अँपिअर उलटे म्हणजे पायावर उणे ०.३ व्होल्ट, एलएम३९३ च्या इनपुटची मर्यादा तिथेच संपते. १ किलोओम असेल तर त्यापुढे गेलं तरी पायातून जाणारा करंट आटोक्यात राहील.

खरं कारण: थांबलेल्या मोटरला तुम्ही एकदम निम्मी ड्यूटी देता. म्हणजे सरासरी १२ व्होल्ट, आणि न फिरणाऱ्या मोटरला बॅक ईएमएफ (फिरताना ती स्वतः तयार करते ते उलटं व्होल्टेज) नसतो. करंट आवरायला फक्त गुंडाळीचा रोध उरतो. मोटरच्या दोन टोकांवर मीटर लावून ओम मोजा, शाफ्ट हळूहळू हाताने फिरवत सर्वांत कमी आकडा घ्या. तो १.५ ओमपेक्षा कमी निघाला तर १२ भागिले तेवढे ओम म्हणजे ८ अँपिअरच्या वर. मग कंपॅरेटर खरं बोलतोय.

दोन्ही वेगळे करायचे तर असं करा. पुलअप लावा, कंपॅरेटरची वायर पीबी१२ पासून सोडा, २४ व्होल्टच्या वाटेत ५ अँपिअरचा फ्यूज घाला, ड्यूटी शून्यापासून हळूहळू वाढवा. बंद पडलं नाही तर पिन आता शांत आहे. मग वायर जोडा, परत हळूहळू. तरीही पडत नसेल तर एकदम निम्मी देऊन बघा. तेव्हाच पडलं तर तो सुरुवातीचा खरा करंट आहे.

आणखी एक बिट लावा: बीडीटीआरचा दहावा, ओएसएसआय. आत्ता एमओई पडला की टायमर पिना सोडून देतो आणि तुमचे १० किलोओम त्यांना खाली आणतात. ओएसएसआय १ केला तर टायमर पिना सोडत नाही, ठरलेल्या आयडल पातळीला स्वतः धरून ठेवतो. ती पातळी सीआर२ मधल्या ओआयएस१ आणि ओआयएस१एन मध्ये असते, रीसेटनंतर दोन्ही ०, तुम्हाला तीच हवी. किंमत ९४४८ होईल. १० किलोओम तरीही काढायचे नाहीत, रीसेटमध्ये त्यांच्याशिवाय कुणी नाही.

लॉकचे बिट, आठवा आणि नववा, इतक्यात लावू नका. ते एकदा लिहिले की रीसेटपर्यंत डेड टाइम बदलता येत नाही. काम पूर्ण झाल्यावर, मशीन कामगाराच्या हातात देताना, जरूर लावा.

आणि २४ व्होल्ट चालू असताना डिबगरने प्रोसेसर थांबवायचा नाही. टायमर शेवटच्या ड्यूटीवर पुढे चालत राहतो आणि लक्ष ठेवणारा कोड थांबलेला असतो.

तुमच्या मित्राला सांगा, बीकेई काढला असता तर मोटर कदाचित चाललीही असती. पण ज्या दिवशी सूत गुंतून शाफ्ट अडकला असता त्या दिवशी वरचा मॉस्फेट शॉर्ट झाला असता, आणि शॉर्ट झालेल्या वरच्या मॉस्फेटला कोणताही प्रोग्रॅम बंद करू शकत नाही. माझ्याकडे जळून येणाऱ्या कार्डांत ‘सारखं ट्रिप होत होतं म्हणून बायपास केलं’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकतो की ते लिहिताना मला त्रास होतो. ट्रिप ही तक्रार आहे. तिचं ऐकायचं.

कांडीवाला (इचलकरंजी)

पुलअप नव्हताच. बीआयएफ १ होता.

मोटरचा रोध हाताने फिरवत मोजला, सर्वांत कमी १.१ ओम. म्हणजे निम्म्या ड्यूटीला जवळजवळ ११ अँपिअर.

४.७ किलोओम आणि १ नॅनोफॅराड लावले, वायरी पिळल्या, शंटला १ किलोओम दिला. कंपॅरेटर सोडून हळूहळू चढवलं, मोटर छान चालली. कंपॅरेटर जोडला, हळूहळू चढवलं, तरीही चालली. मग बंद करून एकदम १८०० दिले, एमओई पडला. दोन्ही कारणं होती.

आता सीसीआर१ शून्यापासून १८०० पर्यंत साधारण एका सेकंदात चढवतो. वायंडिंग चालू असताना पीबी१२ ला एका वायरीने ग्राउंड टेकवून मुद्दाम ट्रिप केली, दोन्ही गेट लगेच खाली गेले, मोटर मोकळी फिरून थांबली.

एक शेवटचं. ट्रिप झाल्यावर पुन्हा चालू करायला एक बटण दिलंय. बटण दाबलं की सीसीआर१ ० करतो, बीआयएफ साफ करतो, एमओई लावतो आणि चढवायला लागतो. मोटर थांबलेली असली तर सुरळीत. पण एकदा मोटर फिरत असतानाच बटण दाबलं तर मशीन कचकन थांबलं, चौकट हलली. ट्रिप मात्र झाली नाही. हे कशामुळे?

भोसरीचा_बेंच

सीसीआर१ ० म्हणजे पीए८ सतत खाली आणि पीबी१३ सतत वर. खालचा मॉस्फेट पूर्ण उघडा, मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडलेली. फिरत्या मोटरला ते म्हणजे पूर्ण ताकदीचा ब्रेक. तुमच्या १.१ ओमवर मोटर त्या क्षणी १५ व्होल्ट तयार करत असेल तर १३ अँपिअरच्या पुढे करंट जातो. तो शंटमधून उलट दिशेने वाहतो, कंपॅरेटरच्या पायावर उणे व्होल्टेज येतं, त्याला ते ८ अँपिअर वाटत नाहीत. म्हणून ट्रिप नाही. ब्रेकिंगच्या करंटवर तुमच्या मशीनमध्ये सध्या कुणाचंच लक्ष नाही.

सूत तुटल्यावर थांबवतानाही हेच होणार, तेव्हा तिथेही ड्यूटी एकदम शून्यावर टाकू नका. चालू ड्यूटीवरून खाली उतरवत या, साधारण पाव-अर्ध्या सेकंदात. कांडी तेवढ्यात थांबते आणि करंट आवाक्यात राहतो. उतरवताना मोटरची ऊर्जा २४ व्होल्टच्या बाजूला परत येते हे लक्षात घ्या. एसएमपीएस (२४ व्होल्टचा पुरवठा) ती परत घेत नाही, व्होल्टेज वर चढतं. ब्रिजच्या अगदी जवळ २२०० मायक्रोफॅराड, ५० व्होल्टचा कॅपॅसिटर लावा, आणि पहिल्यांदा उतरवताना मीटर मॅक्स होल्डला लावून २४ ची लाइन कुठपर्यंत जाते ते बघा. ३० च्या वर गेली तर उतार लांबवा.

बटणासाठी: एमओई लावण्याआधी मोटर थांबल्याची खात्री हवी. दोन्ही गेट बंद असताना फिरती मोटर स्वतः तयार करत असलेलं व्होल्टेज तिच्या टोकांवर दिसतं. ब्रिजच्या मधल्या बिंदूवरून १०० किलोओम आणि १० किलोओमचा विभाजक घालून ते पीए१ वर घ्या, तो एडीसीचा क्रमांक १ चा चॅनेल आहे. २४ व्होल्टला तिथे २.२ येतील, ३० ला २.७, चिपला धोका नाही. वाचन ०.१ च्या खाली गेलं की मोटर जवळजवळ थांबली, तोपर्यंत बटणाकडे लक्ष देऊ नका.

थांबलेल्या मोटरवर मात्र सीसीआर१ ० पासूनच सुरुवात ठेवा, ती बरोबर आहे. आयआर२१०१ चा वरचा ड्रायव्हर बूटस्ट्रॅप कॅपॅसिटरवर (वरच्या गेटसाठी वीज साठवणाऱ्या) चालतो, आणि तो खालचा मॉस्फेट उघडा असतानाच भरतो. त्याच कारणाने वरच्या टोकाला सीसीआर१ कधी ३६०० होऊ देऊ नका. ३४२० ला, म्हणजे ९५ टक्क्यांना मर्यादा घाला, तेवढ्यात कॅपॅसिटर प्रत्येक फेरीत भरून निघतो.